परीकथा मोठेपणी वाचायच्यात : सावत्र आई, बंद खोली, पोपटातला जीव. सल्ला हवा

रानवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मैत्रिणी मिळून परीकथा नव्याने वाचायला घेतोय. लहानपणी वाचल्या त्या काटछाट केलेल्या, गोड करून सांगितलेल्या. आता मूळ पाठ हवेत, आणि त्यांच्यावरून पुढे मोठ्या माणसांसाठी ज्या नव्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्याही हव्यात. पसारा अफाट आहे, म्हणून पुस्तकामागून पुस्तक वाचत जाण्याऐवजी तीन गोष्टी धरल्या आहेत. देश कुठलाही असो, त्या फिरून फिरून भेटतात.

पहिली सावत्र आई. ती नेहमी दुष्टच का, आणि तिला नीट माणूस म्हणून कुणी लिहिलंय का? दुसरी ती बंद खोली. सगळ्या किल्ल्या हातात द्यायच्या आणि एवढं एक दार उघडू नको म्हणायचं. तिसरा राक्षसाचा जीव, जो राक्षसात नसतोच, सात समुद्रांपलीकडे कुठल्यातरी पोपटात असतो.

एक अट आहे. ‘खलनायिका बिचारी मुळात चांगलीच होती’ एवढं सांगून थांबणारी पुनर्कथनं नकोत. तशी बरीच वाचून झाली. त्यांत कथेतली भीतीच निघून जाते, आणि मला ती भीती हवी आहे. इंग्रजी चालेल, मराठी असेल तर फारच छान. जाणकारांनी सुचवावं.

जुनी वही

छान विषय काढलात. सावत्र आईसाठी आधी ग्रिम बंधूंची पहिली आवृत्ती गाठा. पहिला खंड १८१२ चा, दुसरा १८१५ चा. आपल्यापर्यंत पोचलेले ग्रिम बहुतेक १८५७ च्या सातव्या आवृत्तीवरून आलेत, आणि मधल्या काळात विल्हेल्म ग्रिमने कथांवरून भरपूर हात फिरवला.

१८१२ मध्ये हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल मुलगी व्हावी असं जिने मनात आणलं, तीच पुढे शिकाऱ्याला त्या मुलीचं फुप्फुस आणि यकृत आणायला सांगते, मीठ लावून शिजवायला लावते आणि खाते. १८१९ च्या आवृत्तीत सख्खी आई मुलीला जन्म देऊन मरते आणि तिच्या जागी सावत्र येते. हान्सेल आणि ग्रेटेलची गोष्टही तशीच. मुलांना रानात सोडून या म्हणून नवऱ्याच्या मागे लागणारी आधी त्यांची आईच आहे. ती सावत्र झाली १८४० च्या आवृत्तीत.

तेव्हा ‘सावत्र आई नेहमी दुष्टच का’ याचं निम्मं उत्तर संपादकाच्या टेबलावर आहे. आईने असं वागावं हे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात ठेवायला नको वाटलं, मग दुष्टपणा तेवढाच ठेवून नातं बदललं. पहिल्या आवृत्तीचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर जॅक झाइप्स यांनी केलंय, २०१४ चं. तुमच्या गटाने हिमगौरीचे दोन्ही पाठ शेजारी ठेवून मोठ्याने वाचावेत असं मी आग्रहाने सांगेन. एक नातं बदललं की सगळी गोष्ट कशी हलते ते ऐकूनच कळतं.

अबोली

जुनी वही, माहिती पटली पण निष्कर्ष अर्धाच पटला. विल्हेल्म ग्रिमच्या कितीतरी आधीपासून सावत्र आई कथांमध्ये आहेच. नवव्या शतकात त्वान छंग-शी या चिनी लेखकाने ये-शिएनची गोष्ट लिहून ठेवली आहे. सोन्याचा जोडा, राजा, सावत्र आई, सगळं त्यात आहे.

त्या गोष्टीतला एक प्रसंग मला विसरता येत नाही. ये-शिएनने तळ्यात एक मासा पाळलेला असतो. तो फक्त तिलाच ओळखतो, ती आली की काठाशी येऊन डोकं वर काढतो. सावत्र आई काय करते? मुलीला लांबवर पाणी आणायला धाडते, तिचे जुने कपडे स्वतःच्या अंगावर चढवते, बाहीत सुरी लपवते आणि तळ्यावर जाऊन हाक मारते. मासा वर येतो. ती त्याला मारते, शिजवून खाते आणि काटे उकिरड्यात पुरते. मुलीचे कपडे घालून तिच्या एकुलत्या सोबत्याला फसवणं, यात जी थंड अक्कल आहे ती कुठल्या संपादकाने सभ्यतेखातर घातलेली नाही.

बाळंतपणात बायका मरत होत्या, पुरुष दुसरं लग्न करत होते, आणि घरात अन्न नि वारसा मोजका होता. सावत्रपणाची भीती प्रत्यक्षातून आलेली आहे. हान्सेलच्या गोष्टीत तर दुष्काळ पहिल्याच परिच्छेदात आहे.

जुनी वही

अबोली, हे बरोबर आहे, आणि दोन्ही एकत्र धरायला हरकत नाही. कथेत सावत्र आई आधीपासून होती. काही कथांतल्या सख्ख्या आयांना नंतर तिच्या जागेवर ढकललं गेलं.

तुम्ही माशाचं काढलंत म्हणून मुद्द्याची गोष्ट सांगतो. रानवाट, सावत्र आईला एकटीला वाचू नका. तिच्यासमोर नेहमी मेलेली आई उभी असते, तिला शोधा. ती कथेतून गेलेली नसतेच, फक्त रूप बदलून बसलेली असते. ग्रिमच्या सिंड्रेलामध्ये परी नाहीच. आईच्या थडग्यावर लावलेलं, मुलीच्या आसवांवर वाढलेलं झाड आहे, आणि कपडे त्या झाडावरचा पक्षी टाकतो. स्कॉटलंडच्या पाठात लाल वासरू आहे. रशियन वासिलिसाला आई मरताना एक बाहुली देऊन जाते. तिला थोडं खायला घालायचं आणि आपलं दुःख सांगायचं, मग ती मदत करते. ये-शिएनच्या माशाचे काटेही पुढे मागेल ते देतात. सगळीकडे आई मातीतून, हाडांतून, लाकडातून लेकीला पोसतेय. हे दिसायला लागलं की सावत्र आईची दुष्टाई निराळी वाटते. तिची झुंज मुलीशी कमी आणि आधीच्या बाईशी जास्त असते, आणि ती बाई मेलेली असल्यामुळे हिला कधीच जिंकता येत नाही.

आणि बेसिल वाचाच. जांबात्तिस्ता बेसिल, नेपल्सचा. कथासंग्रह १६३४ ते ३६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्याची सिंड्रेला म्हणजे झेझोला. तिला सावत्र आई छळते, आणि शिवणकाम शिकवणाऱ्या बाईवर तिचा जीव असतो. तू माझी आई असतीस तर, असं ती म्हणत राहते. ती बाई तिला युक्ती सांगते: सावत्र आईला म्हण, मोठ्या पेटीतले जुने कपडे काढून दे. ती वाकली की झाकण तू धरलेलं असेल, सोडून दे. झेझोला झाकण सोडते आणि सावत्र आईची मान मोडते. मग ती शिक्षिकाच नवी सावत्र आई होऊन येते, थोड्या दिवसांत आपल्या सहा लपवलेल्या मुली बाहेर काढते, आणि झेझोलाची रवानगी चुलीपाशी होते. इथे नायिकेच्या हाताला रक्त लागलेलं आहे आणि निवेदक त्याबद्दल तिला शिक्षा करत बसत नाही. पुढे लग्न राजाशीच. गोड सिंड्रेलाची सवय झालेल्यांनी ही कथा बसून वाचावी.

तळ्यात मळ्यात

सावत्र आईबद्दल बोलताय तर आपल्याकडे तिची जागा बऱ्याचदा सवत घेते हे लक्षात असू द्या. आटपाट नगर, राजाला दोन राण्या, एक आवडती एक नावडती. अख्ख्या कहाण्या या एका जोडीवर उभ्या आहेत.

आणि मराठीत हवं म्हणताय तर शुक्रवारची जिवतीची कहाणी परीकथा म्हणून वाचून बघा. राणीला मूल नसतं, ती सुईणीला फितवते. सुईण गरीब ब्राह्मणीचं नुकतं जन्मलेलं बाळ पळवून राणीकडे देते आणि ब्राह्मणीला सांगते, तुला वरवंटा झाला. ही बदलाबदली जगभर आहे. ग्रिमकडे आहे, अरबी सुरस कथांत फ्रेंच भाषांतरकार गालांने घातलेल्या मत्सरी बहिणींच्या गोष्टीत आहे. तिथे राणीला कुत्रा, मांजर झालं म्हणून सांगतात. कथाप्रकारांच्या यादीत ७०७ क्रमांकाखाली या गोष्टी एकत्र केल्यात.

पण आपल्या कहाणीचा पुढचा भाग वाचताना अंगावर काटा येतो. तो मुलगा मोठा होऊन राजा होतो आणि नकळत स्वतःच्या जन्मदात्रीवर त्याची नजर जाते. रात्री तिच्याकडे निघालेला असताना दाराशी वासराच्या शेपटीवर त्याचा पाय पडतो. वासरू गाईकडे तक्रार करतं, आणि गाय म्हणते की जो आपल्या आईकडे जायला भीत नाही तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला काय भिईल. तो तिथूनच मागे फिरतो. सगळ्या कथेतलं सत्य एका गाईला माहीत असतं, आणि ती ते राजाला उद्देशून बोलतसुद्धा नाही. मला यापेक्षा घट्ट बांधलेला प्रसंग परीकथांमध्ये कमी आढळलाय.

दुर्गा भागवतांचं ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ मिळालं तर घ्या. मराठीत या सगळ्याकडे कसं बघायचं याची पहिली इयत्ता तिथे होते.

पाटीपेन्सिल

बंद खोलीबद्दल मी लिहिते, हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय.

फ्रेंच लेखक पेरोचा निळ्या दाढीवाला, १६९७. नवरा गावाला जातो, किल्ल्यांचा जुडगा देतो, एक छोटी खोली सोडून सगळं उघड म्हणतो. ती उघडते, आत आधीच्या बायका. किल्ली हातातून पडते आणि तिच्यावरचं रक्त निघत नाही. एका बाजूचं घासून काढावं तर दुसऱ्या बाजूला उमटतं. पेरो शेवटी बायकांच्या कुतूहलावर ताशेरे मारणारं तात्पर्य जोडतो. इतक्या बायका मारणाऱ्याबद्दल काही नाही आणि दार उघडणारीला उपदेश! त्या तात्पर्याकडे दुर्लक्ष करा आणि लगेच ग्रिमची ‘फिचरचा पक्षी’ काढा. त्याच जातीची गोष्ट, पण माझ्या मते सगळ्यांत सरस.

तिथे जादूगार तीन बहिणींना एकेक करून पळवतो. प्रत्येकीला किल्ल्यांबरोबर एक अंडं देतो आणि ते सतत जवळ बाळगायला सांगतो. दोघी अंडं हातात घेऊनच खोलीत जातात, ते रक्तात पडतं, डाग जात नाही, दोघी मरतात. तिसरी काय करते बघा. आधी अंडं जपून बाजूला ठेवते आणि मग दार उघडते. उघडते मात्र नक्की. आत बहिणींचे तुकडे असतात. ती डोकं, धड, हात, पाय ज्याचे त्याला जुळवते आणि दोघी डोळे उघडतात. मग त्यांना टोपलीत घालून वर सोनं पसरते आणि ती टोपली जादूगारालाच पाठीवर वाहायला लावते. शेवटी एका कवटीला दागिने आणि फुलं घालून माळ्याच्या खिडकीत नवरीसारखी बसवते, स्वतः मध आणि पिसं फासून पक्षी होते आणि चालत घराबाहेर पडते. वाटेत नवरदेव समोरून येतो, हिला पक्षी समजतो, वर खिडकीतल्या कवटीला बघून मान लववतो.

कुतूहल वाईट की चांगलं असला प्रश्नच ही गोष्ट विचारत नाही. दार उघडायचंच आहे. हातातलं अंडं आधी कुठे ठेवायचं एवढंच शिकायचं आहे.

पुनर्कथनांत अँजेला कार्टरचं ‘द ब्लडी चेंबर’, १९७९. (पुढची दोन वाक्यं रसभंग करतील, नको असतील तर सोडा.) पेरोकडे नायिकेला भाऊ येऊन सोडवतात. कार्टरकडे आई येते, घोड्यावर बसून, हातात पिस्तूल. सबंध कथेत नवऱ्याला कुणाचं भय नसतं, कारण मुलीच्या आईचा विचार त्याच्या डोक्यात आलेलाच नाही. रानवाट, तुमची अट इथे पूर्ण होते. नवरा कुठेही बिचारा होत नाही, आणि भाषा अशी जड सुगंधी आहे की वाचकालासुद्धा त्या घरात राहावंसं वाटतं. धोका नेमका तिथे आहे.

आणखी एक, हे फार जण जोडून बघत नाहीत. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, अकराव्या शतकातल्या, शक्तिदेवाची गोष्ट आहे. कनकपुरी पाहिलेल्या माणसाशीच लग्न करीन असा राजकन्या कनकरेखेचा पण असतो, म्हणून तो हाल सोसत कनकपुरीला पोचतो. तिथली स्त्री त्याला सांगते की महालाच्या मधल्या गच्चीवर तेवढं जाऊ नकोस. तो जातो. तिथे पलंगावर कनकरेखा निष्प्राण पडलेली! जवळच तळ्याकाठी खोगीर घातलेला घोडा. तो चढायला जातो, घोडा लाथ मारतो, तो तळ्यात पडतो आणि डोकं वर काढतो ते आपल्याच गावच्या तळ्यातून. निळ्या दाढीवाल्याकडे बंद दारामागे मरण आहे, इथे त्याच दारामागे घरची वाट आहे. मनाई तीच, बाकी सगळं उलटं. टॉनी यांचं इंग्रजी भाषांतर घ्यायचं तर पेंझरने संपादित केलेली दहा खंडांची आवृत्ती बघा, १९२४ ते २८ ची. त्याच्या टिपांमध्ये हे असले धागे देशोदेशी कुठे जातात ते पानंच्या पानं लिहिलंय.

सायंतारा

पोपटातला जीव माझ्याकडे.

सुरुवात मेरी फ्रिअरच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ने करा, १८६८. मुंबईच्या गव्हर्नरची ही मुलगी. तिने या गोष्टी अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आयाकडून ऐकून लिहून घेतल्या. अ‍ॅनाने स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगितलेलंही पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं आहे, ते वगळू नका. गोष्ट सांगणारी बाई कोण, तिने ती कुणाकडून ऐकली, हे त्या काळच्या संग्रहांत फारसं मिळत नाही.

त्यातली ‘पंचकिन’ वाचा. जादूगाराचा जीव दूरच्या घनदाट रानात, ताडांच्या वर्तुळात, एकावर एक रचलेल्या सहा घागरींच्या खाली, पिंजऱ्यातल्या हिरव्या राघूमध्ये. राजपुत्र राघूचा उजवा पंख उपटतो, जादूगाराचा उजवा हात गळून पडतो. डावा पंख, डावा हात. मग पाय. शेवटी मान.

जगभर हा जीव वेगवेगळ्या जागी दडवलाय. रशियात कोश्चेई या दुष्ट जादूगाराचा सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडाखाली. इजिप्तच्या दोन भावांच्या कथेत बाटा आपलं काळीज झाडाच्या फुलावर ठेवतो. त्या कथेचा पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या अखेरीचा.

वर जुनी वहींनी सांगितलं तसंच मी म्हणेन, राक्षसाला एकट्याला वाचू नका. तो जीव कुठे आहे हे राजपुत्राला कळतं कसं? दर वेळी एक कैदेतली बाई ते काढून घेते. नॉर्वेच्या आस्ब्यर्नसेन आणि मो यांच्या संग्रहातली ‘ज्याच्या अंगात काळीज नव्हतं तो राक्षस’ बघा. पळवून आणलेली राजकन्या लाडीगोडीने विचारते, काळीज असतं तरी कुठे? तो म्हणतो, उंबऱ्याखाली. दुसऱ्या दिवशी खणून बघतात, काही नाही. राजकन्या खड्डा बुजवते आणि उंबऱ्यावर फुलं पसरून ठेवते. राक्षस संध्याकाळी येतो, हे काय म्हणून विचारतो. तुझं काळीज इथे आहे ना, म्हणून. तो हसतो, मग सांगतो, कपाटात आहे. ती कपाटाला हार घालते. तिसऱ्या खेपेला तो खरं बोलतो. तळं, तळ्यात बेट, बेटावर चर्च, चर्चमध्ये विहीर, विहिरीत बदक, बदकात अंडं.

तो खरं का सांगतो? माझं मत असं की आजवर कुणी त्याच्या काळजाची अशी काळजी केलेलीच नव्हती. ती खोटी आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि तरी उंबऱ्यावरची फुलं वाचताना त्या राक्षसाची कीव येते. पंचकिनच्या गोष्टीतही बालना बारा वर्षं बुरुजात कोंडलेली असते आणि गुपित तीच काढते. राजपुत्र नंतर फक्त जातो आणि मान पिरगाळतो. बाटाच्या कथेत उलट, त्याची बायकोच त्याचं गुपित फोडते आणि झाड तोडायला लावते. त्याच विश्वासाचे दोन वापर. या बाईच्या तोंडून सांगितलेली एखादी दमदार कादंबरी कुणाला माहीत असेल तर मलाही हवी आहे.

रानवाट

इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. जोडीचं पात्र शोधायची किल्ली फार उपयोगी पडणार आहे.

आता पुनर्कथनांचं जरा सविस्तर सांगाल का? कार्टर नक्की घेतेय. सावत्र आईच्या बाजूने, पण तिची धुऊनपुसून स्वच्छ मूर्ती न करता लिहिलेलं काही? आणि ते कथाप्रकारांचे क्रमांक वापरायचे कसे?

अबोली

सावत्र आईसाठी हेलन ओयेयेमीची ‘बॉय, स्नो, बर्ड’, २०१४. हिमगौरीचीच कथा, पण १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत आणलेली. बॉय हे सावत्र आईचं नाव, स्नो ही सावत्र मुलगी. बॉयला स्वतःची मुलगी होते, ती सावळी जन्मते, आणि नवऱ्याचं घराणं कृष्णवर्णीय असून गोरं म्हणून वावरत होतं हे उघड होतं. मग आरसा, गोरेपणा, ‘सर्वांत सुंदर कोण’ हे सगळं कुठल्या कुठे जातं! बॉय स्नोला घरापासून दूर पाठवून देते. तिची कारणं आपल्याला कळतात, तरी केलं ते चांगलं केलं असं लेखिका म्हणू देत नाही. तुम्हाला हवं ते हेच. मला शेवट मात्र तितका पेलला असं वाटलं नाही. त्याबद्दल तुमच्या गटात वाद होतील, होऊ द्या.

एमा डोनह्यूचं ‘किसिंग द विच’, १९९७. याची रचना फार सुरेख. एका कथेची नायिका शेवटी आपल्याला मदत करणाऱ्या किंवा छळणाऱ्या बाईला विचारते की तू आधी कोण होतीस, आणि पुढची कथा त्या बाईची. जी म्हातारी इथे चेटकीण आहे ती पुढच्या कथेत कुणाची तरी मुलगी असते. कथा छोट्या आहेत, एका बैठकीत दोन-तीन होतील.

पुनर्कथन चांगलं की नाही हे मी एकाच गोष्टीवर ठरवते. मूळ कथेतली एखादी खुंटी हलवून लेखकाने बाकीचं सगळं त्या हलण्याच्या परिणामावर सोडलंय का? कार्टर भावांच्या जागी आई आणते, तेवढंच. ज्यांत प्रत्येक जादूला कारण आणि प्रत्येक दुष्टाला दुःखी बालपण दिलेलं असतं, ती पुस्तकं मी अर्ध्यात ठेवते.

जुनी वही

क्रमांकांचं थोडक्यात. फिनलंडच्या आर्नेने १९१० मध्ये कथाप्रकारांची यादी केली, अमेरिकन स्टिथ थॉम्पसनने ती वाढवली, २००४ मध्ये जर्मन अभ्यासक उथरने पुन्हा सुधारली. सिंड्रेला ५१० अ, निळ्या दाढीवाला ३१२, फिचरचा पक्षी ३११, जीव बाहेर ठेवलेला राक्षस ३०२. याशिवाय थॉम्पसनची सुट्या कल्पनाबंधांची वेगळी सूची आहे, सहा खंडांची. तिथे निषिद्ध खोली सी ६११, शरीराबाहेरचा जीव ई ७१०, दुष्ट सावत्र आई एस ३१. क्रमांक हाताशी असला की त्याच गोष्टीची इतर देशांतली भावंडं शोधणं सोपं जातं, उपयोग एवढाच. सूची वाचत बसू नका.

रशियन अभ्यासक प्रॉपचं १९२८ चं पुस्तकही कुणीतरी सुचवेलच. रशियन परीकथांचे घटक त्याने ३१ कार्यांमध्ये बसवले. प्रॉपच्या चौकटीत पात्र कोण आहे याला महत्त्व नाही, ते काय करतं याला आहे. बाबा यागा ही रानातली चेटकीण वासिलिसाला खायला उठते आणि तीच तिला जळत्या डोळ्यांची कवटी देऊन पाठवते, जिने घरच्या सावत्र आईची आणि बहिणींची राख होते. राक्षसीण की मदत देणारी? दोन्ही. एवढं एक उदाहरण डोक्यात ठेवून प्रॉप वाचलात तर जड जाणार नाही. पण सुरुवातीला नकोच.

ओंजळ

विचारलेलं नाहीत तरी सुचवते. ए. के. रामानुजन यांनी गोळा केलेली कन्नड कथा, ‘अ फ्लॉवरिंग ट्री’. त्याच नावाचा संग्रह १९९७ चा, त्यांच्या मृत्यूनंतर आलेला.

एक मुलगी अंगावर तांब्याभर पाणी घेतलं की फुलांचं झाड होते, दुसरं पाणी घातलं की परत मुलगी. अट एवढीच की फुलं अलगद तोडायची, फांदीला धक्का नको. तिची नणंद हट्टाने मैत्रिणींसमोर तिला झाड व्हायला लावते, पोरी फांद्या मोडतात, उरलेलं पाणी कसंतरी ओततात आणि पळून जातात. मग ती ना धड झाड ना धड बाई, हातपाय नसलेलं अर्धं शरीर होऊन पडते. शेवटी नवरा तिच्यावर पाणी घालतो, ती झाड होते, मोडलेल्या फांद्या तो एकेक करून सरळ करतो, बांधतो, आणि मगच दुसरं पाणी घालतो.

तुमच्या तिन्ही विषयांपैकी एकातही बसत नाही, पण फिचरच्या पक्ष्यातल्या तिसऱ्या बहिणीने तुकडे जुळवले त्यानंतर लगेच वाचा. शरीर जुळवणारे हात तिथे बहिणीचे आहेत, इथे नवऱ्याचे.

पहाटवारा

वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं, यातलं मुलांना वाचून दाखवता येईल का?

पाटीपेन्सिल

पहाटवारा, नॉर्वेचा राक्षस आणि पंचकिन बिनधास्त. वासिलिसा सात-आठच्या पुढे. फिचरचा पक्षी आधी स्वतः वाचा आणि तुमच्या मुलाकडे बघून ठरवा. काही मुलांना तिसऱ्या बहिणीचा विजय इतका आवडतो की मधलं रक्त त्यांच्या लक्षातही राहत नाही, काहींची झोप उडते. बेसिल, कार्टर, ओयेयेमी मुलांसाठी नाहीत.

रानवाट

गटात बोलून ठरवलं. पहिल्या बैठकीला हिमगौरीचे दोन पाठ, १८१२ आणि १८५७, आणि घरी जाऊन ‘बॉय, स्नो, बर्ड’ सुरू करायची. दुसरीला ये-शिएन, झेझोला, वासिलिसा, आणि जिवतीची कहाणी मी मोठ्याने वाचणार. तिसरीला पेरो, कार्टर, फिचरचा पक्षी, फ्लॉवरिंग ट्री, शक्तिदेव. चौथीला पंचकिन आणि नॉर्वे. चालेल ना?

पाटीपेन्सिल

चालेल, फक्त तिसऱ्या बैठकीत क्रम बदला. फिचरचा पक्षी कार्टरच्या आधी. पेरो आणि कार्टर पाठोपाठ वाचले की बाहेरून कुणीतरी सोडवायला येणं हाच गोष्टीचा शेवट वाटायला लागतो. मध्ये स्वतःचं स्वतः निस्तरणारी तिसरी बहीण भेटली असेल तर कार्टरने तिची वाट न धरता आईला का आणलं यावर तुमच्यात बोलणं होईल. शक्तिदेव सगळ्यांत शेवटी ठेवा.

जुनी वही

बेसिल घेताना नॅन्सी कॅनेपा यांचं भाषांतर मागा, २००७ चं. ते संपूर्ण आहे. मुलांसाठी निवडक म्हणून निघालेल्या जुन्या आवृत्त्यांत पेटीच्या झाकणाचा प्रसंग असेलच याची खात्री धरू नका. आणि चौथ्या बैठकीत कोश्चेईला जागा करा. अफानास्येवच्या रशियन कथासंग्रहातली मार्या मोरेव्हना घ्या. त्यात बंद खोली आणि कोश्चेई दोन्ही एकाच कथेत आहेत. बायको लढाईवर जाते, घर नवऱ्यावर सोपवते, आणि उघडू नको म्हटलेलं दार तो उघडतो. आत साखळदंडांत कोश्चेई.

सायंतारा

अरे वा, ही सुटलीच होती माझ्याकडून. रानवाट, नवऱ्याने दार उघडलेली कथा आहे, ती चौथीऐवजी तिसऱ्या बैठकीतच घ्या, पेरोच्या लगेच नंतर.